बगदाद कॉलेज : एका कॅथलिक शाळेची हकीकत आणि आपला हक्क



आजच्या व्याख्यानासाठी मी एका शाळेचा विषय निवडला आहे. ती शाळा आपल्या जिल्ह्यातली नाही, आपल्या देशातलीही नाही. ती बगदाद शहरात आहे. ती सुरू केली ख्रिस्ती कॅथलिक धर्मगुरूंनी, आणि तिच्यात शिकून गेलेल्या मुलांत मुसलमान मुलांची संख्या फार मोठी आहे. आपल्या संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात अशा शाळेची हकीकत कशासाठी, असे कोणी विचारील. ती कशासाठी, ते आधी सांगतो.

दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत आम्हा शिक्षकांना पालकांची दोन प्रकारची बोलणी ऐकावी लागतात. एक पालक म्हणतात, "गुरुजी, मिशनरी शाळेत नंबर लागला नाही, म्हणून तुमच्याकडे आणला." दुसरे म्हणतात, "तिकडे घालणार होतो, पण पोरगा दीन विसरेल म्हणून नको वाटले." पहिल्यांच्या मनात आपली शाळा ही दुसऱ्या पसंतीची आहे. दुसऱ्यांच्या मनात ती केवळ भीतीपोटी आलेली आहे. आपली शाळा चांगली आहे म्हणून मुलाला इथे आणले, असे म्हणणारा तिसरा पालक क्वचितच भेटतो. तो तिसरा पालक कसा तयार होईल, हाच माझ्या भाषणाचा खरा विषय आहे. त्यासाठी जवळच्या शाळांची तुलना केली तर मने दुखावतात आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. म्हणून जरा दूरची शाळा घेतली.

ही शाळा काढणाऱ्या मंडळींची ओळख प्रथम करून घेऊ. कॅथलिक धर्मगुरूंचे अनेक संघ आहेत. त्यांतला एक येशूसंघ. त्याच्या सभासदांना जेझुइट म्हणतात. इग्नेशियस लॉयोला यांच्या या संघाला १५४० साली पोपची मान्यता मिळाली. १५४८ साली सिसिली बेटावरील मेसिना शहरात त्यांनी बाहेरच्या मुलांसाठी शाळा काढली आणि तेव्हापासून शाळा चालविणे हे त्यांचे मोठे काम होऊन बसले. काय शिकवावे, कोणत्या क्रमाने शिकवावे, उजळणी कशी घ्यावी, शिक्षकाने वर्गात कसे वागावे, याची एक नियमावली त्यांनी अनेक वर्षांच्या अनुभवातून तयार केली आणि १५९९ साली ती पक्की केली. एका शहरातील शाळेत उपयोगी पडलेली पद्धत लिहून ठेवायची आणि ती दुसऱ्या शहरातील शिक्षकाच्या हाती द्यायची, ही त्यांची रीत. एक चांगला मास्तर निवृत्त झाला की त्याच्याबरोबर त्याची सारी विद्याही घरी जाते, हा अनुभव आपल्यालाही आहे. तो त्यांनी टाळला.

आपल्या देशाला हे लोक परके नाहीत. सेंट फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यास आले. १५८० साली बादशहा अकबराच्या निमंत्रणावरून काही जेझुइट फत्तेपूर शिक्रीला गेले. तेथे वादविवाद झाले, बादशहाने ते ऐकून घेतले, धर्म काही बदलला नाही. पण आपला मुलगा मुराद याला मात्र त्यांच्यातील मोन्सेरात या पाद्र्याकडे शिकायला बसविले. आणि गोव्यातील फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने तर १६१६ साली मराठीत 'क्रिस्तपुराण' छापून प्रसिद्ध केले. ज्या प्रांतात जायचे तेथील भाषा आपलीशी करायची, हा त्यांचा गुण मराठी माणसाला तरी माहीत असायला हरकत नाही.

आता बगदादकडे वळू. पहिल्या महायुद्धानंतर इराक इंग्रजांच्या देखरेखीखाली आला. ती देखरेख संपून १९३२ च्या ऑक्टोबरात इराक स्वतंत्र राष्ट्र झाले. या देशात खाल्डियन व इतर पंथांचे ख्रिस्ती फार पूर्वीपासून राहतात. ते थोडे, पण तेथलेच. अरबी बोलणारे, घरात व देवळात आपली जुनी सुरयानी भाषा जपणारे. आपल्या मुलांसाठी चांगली माध्यमिक शाळा हवी, अशी त्यांच्या धर्मप्रमुखांची मागणी होती. पोप अकरावे पायस यांनी ती अमेरिकेतील जेझुइटांकडे सोपविली, आणि १९३२ साली चार अमेरिकन जेझुइट बगदादमध्ये दाखल झाले. त्यांचे प्रमुख फादर विल्यम राइस. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत शहरातील एका जागेत शंभर-सव्वाशे मुलांना घेऊन शाळा सुरू झाली. तिचे नाव बगदाद कॉलेज. नावात कॉलेज असले तरी ती मुलांची माध्यमिक शाळाच होती. युरोप-अमेरिकेतील जुन्या शाळांना असे नाव देण्याची चाल आहे.

दोन वर्षांत शाळेने शहराच्या उत्तरेस सुलैख भागात जागा घेतली. दजला नदीच्या, म्हणजे तैग्रिसच्या काठची ती जागा, भोवती खजुरीच्या बागा. त्या काळी तो भाग गावाबाहेरचा होता. इमारती एकदम उभ्या राहिल्या नाहीत. जशी मुले वाढली तसतसे वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि मैदाने वाढत गेली.

ही शाळा चालली कशी, ते आपण शिक्षक व पालक या नात्याने बारकाईने पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट भाषेची. शास्त्र व गणित हे विषय इंग्रजीतून शिकविले जात. अरबी भाषा, इतिहास, भूगोल हे अरबीतून आणि इराकी शिक्षकांकडून शिकविले जात. इंग्रजी चांगले म्हणून अरबी कच्चे, असे तेथे चालत नसे. कारण शेवटी मुलांना सरकारी परीक्षेस बसावे लागे. इराकमध्ये सहा वर्षे प्राथमिक, मग तीन वर्षे मध्यम आणि दोन वर्षे उच्च माध्यमिक, अशी त्या वेळी रचना होती, आणि टप्प्याच्या शेवटी साऱ्या देशाची एकच परीक्षा सरकार घेई. शाळेला स्वतःच्या मुलांना स्वतःच गुण वाटण्याची सोय नव्हती. त्या उघड्या परीक्षेत या शाळेची मुले वर्षानुवर्षे देशात वरच्या क्रमांकावर येत राहिली, आणि म्हणूनच शाळेचे नाव झाले.

आपल्याकडे घरात उर्दू किंवा दखनी, रस्त्यावर मराठी आणि पाटीवर इंग्रजी, अशा तीन भाषांत मूल वाढते. याला आपण अडचण समजतो. बगदादच्या कित्येक ख्रिस्ती मुलांचीही हीच स्थिती होती : घरी सुरयानी, बाजारात अरबी, वर्गात इंग्रजी. नीट शिकविले तर तीन भाषा मुलाला जड होत नाहीत. जड होते ते तिन्ही अर्धवट शिकविणे.

दुसरी गोष्ट शिक्षकांची. हे जेझुइट ब्रह्मचारी, निर्धनतेचे व्रत घेतलेले आणि शाळेच्या आवारातच राहणारे. संघातील काही तरुण, ज्यांची धर्मगुरूची दीक्षा अजून व्हायची असे, तेही शिक्षणक्रमाचा भाग म्हणून तीन-तीन वर्षे तेथे येऊन शिकवीत. पंचविशीतला तरुण सकाळी वर्गात शिकवी आणि दुपारी त्याच मुलांबरोबर मैदानात खेळे. बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, धावण्याच्या शर्यती आणि अमेरिकेचा बेसबॉलसुद्धा त्या खजुरीच्या बागांत खेळला गेला. शाळा सुटली की शिक्षक सुटला, हा प्रकार नव्हता. विद्यार्थ्यांच्या घरी जाणे-येणे असे, वडिलांशी ओळख असे.

याचा अर्थ आपल्या शिक्षकांनी संसार सोडावा, असा नाही. आमच्या घरी आईवडील आहेत, बायकामुले आहेत, पगार वेळेवर न झाल्यास चूल अडते. व्रतस्थ माणसाचे माप गृहस्थाला लावणे अन्यायाचे होईल. पण शिक्षकाने मुलाचे घर पाहिलेले असावे, एवढे तर गृहस्थालाही जमते. आणि संस्थेनेही जाणावे, की व्रतामुळे ज्यांना पगाराची चिंता नव्हती त्यांच्याइतके काम चिंताग्रस्त शिक्षकाकडून निघत नसते. मिशनरी शाळेचे टाय-बूट आपण लगेच उचलतो. शिक्षकाला निश्चिंत ठेवण्याची त्यांची व्यवस्था मात्र पाहत नाही.

तिसरी गोष्ट नोंदींची. बगदाद कॉलेजचे एक वार्षिक पुस्तक निघत असे. त्याचे नाव 'अल् इराकी'. आपल्या या स्मरणिकेचाच तो भाऊ म्हणा. त्यात वर्गांची छायाचित्रे, सामने, मंडळे यांची नोंद असे. आज त्या शाळेविषयी जी माहिती जगाला आहे, तिचा मोठा भाग अशा कागदांमुळे टिकला आहे. आपली स्मरणिका जाहिरातींसाठी निघते असे काहीजण थट्टेने म्हणतात. जाहिराती हव्यातच, त्यांच्याशिवाय छापखान्याचे बिल भागत नाही. पण पन्नास वर्षांनी कोणी पाहील तेव्हा त्याला या वर्षीच्या मुलांची नावे आणि त्यांनी काय केले हेही सापडले पाहिजे.

आता ज्या प्रश्नाची पालकांना सर्वांत जास्त काळजी, त्याकडे येतो. त्या शाळेत मुसलमान मुलांच्या दीनाचे काय झाले?

सुरुवातीस ख्रिस्ती मुले अधिक होती. पुढे मुसलमान मुलांचे प्रमाण वाढत गेले. काही यहुदी मुलेही असत. शाळा उघडपणे कॅथलिक होती. तेथे प्रार्थनामंदिर होते, फादर झगे घालून फिरत. त्यांनी आपला धर्म लपविला नाही. पण मुसलमान मुलांचे धर्मांतर करणे हा शाळेचा उद्योग नव्हता. तसे असते तर बगदादच्या घराण्यांनी आपली मुले तेथे एक वर्षही ठेवली नसती.

याचा पुरावा त्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांतच आहे. आदिल अब्दुल महदी हे त्या शाळेचे विद्यार्थी. पुढे ते शिया इस्लामी पक्षाचे मोठे नेते झाले आणि २०१८ ते २०२० या काळात इराकचे पंतप्रधान होते. अयाद अल्लावी हेही तेथलेच. ते धर्मनिरपेक्ष राजकारणाचे, २००४-०५ साली पंतप्रधान झाले. अहमद चलबी त्याच पिढीतले. या तिघांच्या राजकारणाबद्दल इराकमध्ये आणि बाहेर तीव्र मतभेद आहेत, आणि त्यांचेही एकमेकांशी फारसे जमले नाही. मला त्यांची तारीफ करायची नाही. एवढेच दाखवायचे आहे, की एकाच फादरच्या हाताखाली शिकून कोणी इस्लामी पक्षात गेला, कोणी दुसरीकडे गेला. या तिघांतला पाद्री मात्र कोणी झाला नाही. मुलाचा दीन घरात राखला जातो. ज्या घरात नमाज आहे, खरे बोलणे आहे, हलालाची कमाई आहे, त्या घरच्या मुलाला दुसऱ्याच्या शाळेची भीती नाही. आणि ज्या घरात हे नाही, तेथील मुलाला आपल्या शाळेच्या पाटीवरचा चांदतारा वाचविणार नाही.

पण त्या शाळेची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. ती केवळ मुलांची शाळा होती. तिची कीर्ती वाढली, तिच्यातून डॉक्टर, इंजिनिअर, मंत्री निघाले, त्या काळात त्याच घरांतल्या बहिणींना त्या फाटकातून प्रवेश नव्हता. काळाची रीत तशी होती. आपण आज संस्था चालवितो तेव्हा ती रीत उचलण्याचे कारण नाही. आपल्या वर्गांत मुलींची हजेरी आणि त्यांचा निकाल पाहावा, म्हणजे आपले भवितव्य कुणाच्या हाती आहे ते कळेल.

आता या हकीकतीचा दुःखाचा भाग. १९४१ साली बगदादमध्ये लष्करी उठाव झाला, इंग्रजांशी लढाई झाली, शाळा टिकली. १९५८ च्या जुलैत क्रांती झाली, तरुण राजा दुसरा फैसल मारला गेला, शाळा टिकली. त्याआधी १९५६ साली याच जेझुइटांनी शहराच्या दुसऱ्या बाजूस अल् हिक्मा नावाचे विद्यापीठही काढले होते. १९६७ साली अरब-इस्रायल युद्ध झाले आणि इराकने अमेरिकेशी संबंध तोडले. १९६८ च्या जुलैत बाथ पक्षाने सत्ता घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरात अल् हिक्मातील जेझुइटांना देश सोडण्याचा हुकूम झाला. १९६९ च्या ऑगस्टमध्ये बगदाद कॉलेजमधील जेझुइटांनाही तोच हुकूम आला आणि शाळा सरकारने आपल्या ताब्यात घेतली. सदतीस वर्षांचे काम थोड्या दिवसांत हातचे गेले. शिकविण्यात काही खोट निघाली म्हणून नव्हे. राजकारणाचा वारा फिरला म्हणून.

शाळेचे नाव मात्र राहिले. ती पुढे सरकारी शाळा म्हणून चालू राहिली. तिचे जुने विद्यार्थी देशोदेशी पांगले, पण त्यांनी आपली नाळ तोडली नाही. अमेरिकेत कित्येक वर्षे त्यांचे मेळावे भरत आले. मुसलमान आणि ख्रिस्ती माजी विद्यार्थी आपल्या म्हाताऱ्या फादरना भेटायला दूरवरून येत. जी शाळा सरकारने घेतली ती जमीन आणि इमारती होत्या. मुलांच्या मनातली शाळा कोणाला घेता आली नाही.

येथे मला आपल्या देशाकडे यायचे आहे. बगदादमधील त्या शाळेजवळ दर्जा होता, सचोटी होती, लोकांचे प्रेम होते. नव्हती ती कायद्याची पक्की हमी. आपल्याकडे ती आहे. भारतीय संविधानाच्या तिसाव्या कलमाने धर्माच्या किंवा भाषेच्या आधारावर अल्पसंख्य असलेल्या सर्वांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा मूलभूत हक्क दिला आहे. आपल्या संस्थेचाही तोच आधार आहे.

हा हक्क कागदावरून प्रत्यक्षात कसा आला, हेही माहीत असावे. गुजरातमध्ये विद्यापीठाच्या कायद्यातील काही कलमांमुळे महाविद्यालयांच्या कारभारात मोठा हस्तक्षेप होणार होता. त्याविरुद्ध न्यायालयात कोण गेले? अहमदाबादचे सेंट झेवियर्स कॉलेज चालविणारी सोसायटी, म्हणजे पुन्हा जेझुइटच. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने अल्पसंख्याकांच्या हक्काच्या बाजूने निकाल दिला. त्या निकालाचा आधार पुढे देशातील अल्पसंख्याकांच्या संस्थांना मिळाला, त्यांत मुसलमानांच्या संस्थाही आल्या. ज्या लोकांच्या शाळेला आपण एकतर भुलतो किंवा भितो, त्यांनी लढविलेल्या खटल्याच्या सावलीत आपलीही संस्था उभी आहे.

पण या हक्काला एक अट आहे. १९५८ साली केरळच्या शिक्षण विधेयकावर मत देताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते, की संस्था चालविण्याच्या हक्कात ती वाईट चालविण्याचा हक्क येत नाही. माझ्या मते प्रत्येक अल्पसंख्य संस्थेने हे वाक्य कार्यालयात लावून ठेवावे. नेमणुकीत नातलग पाहिला, प्रवेशात ओळख पाहिली, ग्रंथालयाच्या कपाटाला वर्षभर कुलूप राहिले, प्रयोगशाळेतील बाटल्या तपासणीच्या दिवशीच पुसल्या गेल्या, तर तिसावे कलम आपल्या कामाचे राहत नाही. हक्क आपल्याला आयता मिळाला आहे. दर्जा कोणतेही न्यायालय देत नाही.

पालकहो, आपणांकडून तीन गोष्टींची अपेक्षा आहे. मुलाची हजेरी मोडू देऊ नका. लग्नसराई असो की दुकानाची गर्दी असो. वर्षातून चारदा तरी शाळेत येऊन शिक्षकांना भेटा. तक्रार असेल तर तोंडावर सांगा. आणि शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या आपल्या मोठ्या मुलांना शाळेशी जोडून ठेवा. बगदादच्या शाळेची इमारत गेली तरी तिचे माजी विद्यार्थी राहिले. आपली इमारत शाबूत आहे, पण आपल्या माजी विद्यार्थ्यांचे नाव-पत्त्याचे रजिस्टर कोठे आहे?

संस्थेच्या चालकांना विनंती, की आपले दरवाजे शेजारच्या सर्व समाजाच्या मुलांना मोकळे ठेवावेत. थोड्या लोकांनी चालविलेल्या शाळेत बहुसंख्य समाजाने आपली मुले आनंदाने पाठवावीत, ही त्या शाळेच्या कामाची खरी पावती असते. बगदादच्या मुसलमानांनी ती पावती कॅथलिक फादरांना दिली. आपल्या गावातील हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती पालक आपल्या शाळेच्या दारात प्रवेशासाठी रांगेत उभे राहतील, त्या दिवशी आपल्यालाही ती मिळेल.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला एकच सांगतो. सरकारी परीक्षा कोणाचे नाव पाहत नाही, जात पाहत नाही, शाळेची पाटीही पाहत नाही. उत्तरपत्रिकेवर फक्त क्रमांक असतो. बगदादच्या मुलांनी याच परीक्षेत आपल्या शाळेचे नाव मोठे केले. तुमच्या शाळेचे नाव तुमच्या हाती आहे. पुढल्या जूनमध्ये एखादा पालक आमच्यासमोर येऊन म्हणाला, "दुसरीकडे जागा होती, पण मला हीच शाळा हवी," तर समजेन की तुम्ही अभ्यास केलात आणि आम्ही शिकविले.

 अल्लाह आपल्या सर्वांच्या मेहनतीला यश देवो.

खुदा हाफिज. जय हिंद.